लापशीच्या हांड्याभोवती कबड्डी

१७ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठे कोच सगळं लिहून ठेवतात. ही कोणी वाचायची नाही. पुढे माझ्यावर पुस्तक निघालं तर तेवढ्यापुरती.

सद्यस्थिती: मुक्काम तांडा, तालुका नेर, वडिलांचं घर. नोकरी: दोन प्रोजेक्टच्या मधला काळ. यवतमाळच्या अकॅडमीने जानेवारीत मला मोकळं केलं. कारण काय, तर कोच कबड्डी कमी शिकवतो आणि भाषण जास्त देतो अशी पालकांची तक्रार. व्हिजन कळायला पालकही त्या लायकीचे लागतात. तिथली लोहाऱ्याची भाड्याची खोली सोडली आणि बायको वर्षा, पोरगा ओम आणि शिट्टी घेऊन इकडे आलो.

आज जेवताना बाने जाहीर केलं की होळीपर्यंत काय हातपाय मारायचे ते मार, होळी झाली की उत्तमसिंग काकाच्या कृषी केंद्रात बसायचं. म्हणजे नेरला, स्टँडच्या मागे. खताच्या गोण्या, फवारणीच्या औषधाचा वास आणि दिवसभर काका. त्या गल्ल्यावर एकदा बसलेला माणूस उठलेला मी पाहिलेला नाही.

मी शांतपणे भाजी मागितली. मला जे माहीत आहे ते बाला माहीत नाही. यवतमाळला कबड्डीवर पिक्चर बनतोय. एप्रिलमध्ये शूटिंग. त्यांना खरा कोच पाहिजे. तो खरा कोच इथे बसून भाजी खात होता.

१८ फेब्रुवारी
ओम तीन महिन्यांचा झाला. बापपण हेसुद्धा कोचिंगच आहे. ओमचं वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं: दूध, झोप, हातापायांचा व्यायाम, कोवळं ऊन, झोप. वर्षाने ते वाचलं आणि म्हणाली, त्यालेही वाचून दाखवा. वाचून दाखवलं. लक्ष देऊन ऐकत होता. मग व्यायामाच्या वेळेत झोपला आणि झोपेच्या वेळेत माझ्या ट्रॅकसूटवर शी केली. खेळाडू नवा आहे. वेळ लागेल.

२० फेब्रुवारी
अवधूत सरांना फोन. सर पिक्चरमध्ये असिस्टंट डायरेक्टर आहेत, पुण्याचे. नंबर यवतमाळच्या चहावाल्याकडून मिळवला होता. मी ओळख सांगितली: बादल राठोड, कबड्डी कोच, माजी खेळाडू. ते म्हणाले, व्हिडिओ असतील तर टाका, बघतो. लगेच टाकले. अकॅडमीतले माझे सगळे भाषणाचे व्हिडिओ.

निर्णय: दाढी वाढवायची. खेळाच्या पिक्चरमध्ये कोचला दाढी असते, गळ्यात शिट्टी असते आणि एक दुःखद भूतकाळ असतो. दाढी होईल. शिट्टी आहे. भूतकाळावर विचार केला. तालुका सेमीफायनलच्या आदल्या दिवशी मी लग्नात शिळी भजी खाल्ली होती आणि सामना हुकला. दुःखद आहे, पण पडद्यावर कसं दाखवतील ते बघावं लागेल.

२४ फेब्रुवारी
व्हिडिओ सरांनी अजून पाहिलेले नाहीत. बिझी असतील.

आज स्वतः यवतमाळला जाऊन भेटायचं ठरवलं होतं. आंघोळ करून, ट्रॅकसूट घालून दारात पोचलो तर वर्षाने ओम हातात दिला. नेरला त्याची लस होती. याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, बाप घरी असताना मी काहून जाऊ? गेलो. दवाखान्यात दुपार गेली. सिस्टरना मी सांगत होतो की मांडी सैल पाहिजे, श्वास बाहेर सोडताना सुई द्यावी. त्यांनी सुई दिली. ओम एकदाच रडला आणि विसरला. परतीची एसटी आली तेव्हा काका स्टँडवर दिसले. म्हणाले, दुकान बघून जा, तुझी खुर्ची कुठे ठेवायची ते सांग. मी म्हणालो, पोराला ताप आहे. ताप नव्हता.

हा तांडा चांगला आहे, हवा मोकळी आहे, पण मला इथे कोंडल्यासारखं होतं. सकाळी उठलो की बा, दुपारी याडी, संध्याकाळी ओम. प्रत्येक जण माझ्या अंगावर काहीतरी ठेवून जातो.

२७ फेब्रुवारी
कल्पना सुचली. इतकी मोठी की ओमला पाळण्यात ठेवून मी अंगणात दोन चकरा मारल्या. तो रडला तेव्हा परत आलो.

अवधूत सरांना पाठवलेला मेसेज जसाच्या तसा उतरवून ठेवतो, ऐतिहासिक आहे:

"सर, आम्हा बंजारा लोकांत मुलगा झाला की त्याच्या पहिल्या होळीला धुंड करतात. आमच्या तांड्यात होळी पहाटे पेटते. मग त्या घरापुढे खुंटे ठोकून मधे लापशी-पुऱ्यांचा हांडा दोरांनी बांधतात. बायका, म्हणजे गेरणी, हातात फोक, म्हणजे ओल्या छड्या, घेऊन हांडा राखतात. पुरुष, म्हणजे गेरिया, तो पळवतात. पाठीवर फोक बसतात. हांडा निघाला की सगळे मिळून खातात आणि पोराची धुंड पार पडते. सर, ही कबड्डीच आहे. या वर्षी धुंड माझ्या मुलाची आहे आणि टीम मी तयार करतोय. माझं कोचिंग मैदानात बघा."

दुपारी उत्तर आलं. "इंटरेस्टिंग. १४ तारखेला येतो." वर अंगठ्याचं चित्र.

वर्षाला दाखवलं. ती डाळ निवडत होती. तिने एकच विचारलं, पिक्चर नेमका कशाचा आहे, सरांना इचारलं का? मी म्हणालो, कबड्डीचा. ती म्हणाली, ते समजलं, पण कोनाचा? असे प्रश्न विचारून माणूस छोटा होतो. विचारलं नाही.

२ मार्च, रविवार
ट्रेनिंग सुरू. तांड्याबाहेरच्या पडीत जागेवर चुन्याने रेषा आखल्या. वीस जण बोलावले होते, सहा आले. त्यातला एक बकरी शोधायला आला होता. उत्तम पाय फक्त सोनूचे, माझ्या शाळेतला दोस्त, पिकअप चालवतो. त्याला मुख्य रेडर केलं.

रणनीती: दोघांनी डावीकडून हूल द्यायची, दोघांनी दोर सोडायचे, सोनूने हांडा उचलायचा. कोणी हसायचं नाही. हसल्याने श्वास तुटतो. सोनूने विचारलं, हसायचं नाही तर कायले जायचं? ह्याला शिस्त शिकवावी लागेल.

बा खाटेवर बसून बघत होता. म्हणाला, गेरियाले शिकवा लागते काय, त्याले फक्त मार खाता आला पाह्यजे. जुन्या पिढीचा खेळाकडे बघण्याचा दृष्टिकोन.

५ मार्च
चार जण आले. दाढी खाजते.

८ मार्च, शनिवार
महिला दिन. वर्षाला शुभेच्छा दिल्या. तिने थँक्यू म्हणून ओम माझ्या मांडीवर ठेवला आणि बाहेर गेली. तासाभराने कळलं की ती मंदिरामागे गेरणींना जमवून काहीतरी घेते आहे. मानीबाईसुद्धा होती, जिचे गुडघे दुखतात म्हणून सून तिला पाणी भरू देत नाही.

वर्षा लग्नाआधी कॉलेजात खेळायची. बचावात, कॉर्नरला, विद्यापीठापर्यंत वगैरे. चांगला छंद होता. सराव करतात ते बरंच आहे. समोरची टीम थोडी तयार असली की माझं काम उठून दिसेल.

ओमला आज चुकून तूप-मिठाची भाकरी दाखवली. नुसती दाखवली. याडी दिवसभर बोलत होती.

१० मार्च
मोठा धक्का. लिहितानासुद्धा राग येतो.

याडीने सहज सांगितलं की धुंडीच्या वेळी पोराला घेऊन बापाने पाटावर बसायचं असतं. आमच्या तांड्यात तसंच आहे. ज्याच्या पोराची धुंड, तो गेरियात नाही. हांडा निघेपर्यंत उठायचं नाही, पोर खाली ठेवायचं नाही. मी म्हणालो, मी कोच आहे, मला मैदानात जावं लागेल. याडी म्हणाली, तू बाप हायेस. मी म्हणालो, माझ्या जागी काकाला बसवा. बा म्हणाला, मग पोरगं पण काकाच्या नावावर कर.

माझ्याच पोराने मला माझ्याच टीममधून काढलं. हे गावभर सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. मलाच कसं आठवलं नाही?

नंतर विचार केला. मोठे कोच मैदानाबाहेरच बसतात. तोंड मोकळं आहे, शिट्टी आहे. पाट म्हणजे डगआउट. उलट हे जास्त प्रोफेशनल दिसेल.

१३ मार्च
सर उद्या येतायत, कन्फर्म. टीमसमोर भाषण दिलं. मातीबद्दल बोललो, घामाबद्दल बोललो. सोनूचे डोळे भरून आले असं वाटलं, पण त्याला जागरणाने झोप येत होती.

बाने आठवण करून दिली की शनिवारपासून दुकान. मी म्हणालो, शनिवारी मी कुठे असेन ते शुक्रवारी कळेल.

वर्षाला विचारलं, तुमच्या बायांचं काय ठरलं आहे? ती ओमचं टोपडं शिवत होती, त्याला घुंगरू लावत होती. म्हणाली, आमचं काही ठरलं नाही, आमी फक्त हांडा राखू. बिचारी.

मला हे पाहिजे आहे. इथे खोटं लिहून उपयोग नाही. मला त्या खुर्चीवर बसायचं नाही. ओम मोठा होऊन विचारेल बाबा काय करतात, तेव्हा त्याला युरिया हे उत्तर मिळू नये.

१४ मार्च, धुळवड
पहाटे होळी झाली. ऊन चढल्यावर अवधूत सर आले. मोबाइल, छोटा कॅमेरा, डोक्याला रुमाल. मी पाटावर, मांडीवर ओम, गळ्यात शिट्टी. सरांशी बसल्या बसल्या हात मिळवला. त्यांनी ओमच्या गालाला हात लावला. म्हणाले, सुरू करा. फार चांगलं वाटलं.

पहिली चढाई. ठरल्याप्रमाणे डावीकडून हूल. गेरणींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या एकमेकींचे हात धरून साखळी करून उभ्या होत्या आणि वर्षा कोपऱ्यात. सोनू आत शिरला. वर्षाने खाली वाकून त्याचा घोटा धरला. सोनू आडवा. मग मानीबाईचा फोक, मग बाकीच्यांचे. मी शिट्टी वाजवली. ओम दचकला आणि रडायला लागला.

दुसरी चढाई, तीच गत. तिसऱ्यात मी ओरडलो, प्लॅन बी. आमच्याकडे प्लॅन बी नव्हता, सोनू माझ्याकडे बघत थांबला आणि तेवढ्यात त्याला पाठीवर बसले. वर्षा पदर खोचून ओरडत होती, मागं सर, हात सोडू नको, त्याचे पाय पाह्य, डोळे नको पाहू. हा आवाज मी घरी कधी ऐकलेला नव्हता. दर वर्षी थोडी ओढाताण करून गेरणी हांडा सोडून देतात. आज कोणी सोडत नव्हतं. माझे गेरिया तोंड आवळून जात होते, मार खाऊन तोंड आवळून परत येत होते. नंगारा वाजवणारा थकून बसला. तांड्याच्या नायकाने दोनदा विचारलं, लापशी खायची आहे का नाही यंदा? पोरं भुकेने रडायला लागली. लापशी थिजत होती. ओमने माझी मांडी ओली केली आणि मला उठता येईना, कारण हांडा निघाल्याशिवाय उठायचं नाही. एवढा अडकलेला मी जन्मात कधी नव्हतो.

सर माझ्याजवळ वाकले. विचारलं, या बायकांना कोण शिकवतं?

मी म्हणालो, मीच.

ते म्हणाले, "मग त्या दुसऱ्या टीमला काय शिकवत होता?"

उत्तर तयार करत होतो तेवढ्यात बा उठला. साठीचा माणूस, डोक्याला याडीची ओढणी गुंडाळली, कंबर हलवत गाणं म्हणत थेट मानीबाईसमोर गेला. तिच्या गुडघ्यांवर गाणं होतं. ते गुडघे तरुणपणी कोणाच्या विहिरीवर वाजायचे असं काहीतरी. मानीबाईने तोंडाला पदर लावला. मग बाजूची हसली, मग साखळी सुटली, वर्षासुद्धा कमरेवर हात ठेवून हसत होती. बाने हांडा उचलला आणि चालत आला. पाठीवर दोन फोक खाल्ले, तेही हळू.

सगळे जेवले. ओमच्या डोक्यावर काठी धरून गाणं झालं. धुंड झाली. सरांनी लापशी दोनदा घेतली. निघताना म्हणाले, फोन करतो.

१५ मार्च, शनिवार
सरांनी फोन करतो म्हटलं आहे, म्हणजे निवड झाली. काकाला कळवलं की दोन दिवस थांबा. सोनू पालथा झोपतो आहे.

१६ मार्च
फोन आला. सरांचाच. मी अंगणात जाऊन घेतला, आवाज कोचसारखा ठेवला. त्यांनी वर्षाचा नंबर मागितला.

पिक्चर मुलींच्या कबड्डी टीमचा आहे. मुंबईच्या नटीला कॉर्नर शिकवायचा आहे. त्यांना अशी बाई पाहिजे जी स्वतः खेळलेली आहे आणि इथल्यासारखं बोलते. मी विचारलं, हीरो नाही का? सर म्हणाले, आहे, तो तिचा भाऊ आहे, रिक्षा चालवतो. मी म्हणालो, कोच तर लागेल ना पिक्चरमध्ये? ते म्हणाले, कोच पण बाईच आहे.

नंबर दिला.

१७ मार्च
घरात चर्चा. मी बाजू मांडली की ओम लहान आहे, दूध पितो, उन्हाचे दिवस आहेत. बा ऐकत होता. याडी ऐकत होती. मला वाटलं जमलं.

वर्षाने ओमला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "मी जाईन. ओमले घेऊन जाईन. तुमी येता का त्याले धरायले, का याडीले नेऊ?"

बाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत दुकान होतं.

मी म्हणालो, येतो. विचार केला तर हे वाईट नाही. शेवटी मी फिल्म युनिटमध्येच जातो आहे. एकदा आत शिरलं की माणसाचं टॅलेंट दिसतं. सरांशी बोलताना हळूच भाऊ-कोच असं काही कॅरेक्टर सुचवता येईल. दाढी तशीच ठेवतो.

५ एप्रिल, शनिवार
यवतमाळ, शूटिंगचा तिसरा दिवस. टेम्पोत बसून लिहितो आहे.

पहिल्या दिवशी मैदानाच्या कडेला होतो. नटीचा पाय चुकीचा पडत होता, मी दोन सूचना दिल्या. सरांनी हसून सांगितलं की वर्षा मॅडमना त्यांचं काम करू द्या. काल मैदानापलीकडच्या मांडवात बसवलं. आज ओम टेकच्या मधे रडला. डायरेक्टर म्हणाले, साउंड खराब होतो आहे, बाळाला लांब न्या. म्हणून आम्ही दोघं लाइटच्या वायरींच्या टेम्पोत. दार उघडं ठेवलं तर आवाज जातो, म्हणून दार ओढून घेतलं आहे. फटीतून थोडं ऊन येतं. ओमला वारा घालायला सीनचे कागद वापरतो आहे. सीनमध्ये कोच मुलींना मातीबद्दल सांगते. बरं लिहिलं आहे, मी जास्त लांबवलं असतं.

वर्षाचा आवाज इथपर्यंत येतो. पाय पाह्य, डोळे नको पाहू. ती सांगते आणि ती मुंबईची नटी, मोठी माणसं, सगळे गप्प ऐकतात. लग्न झाल्यावर हिने खेळ सोडला आणि मी हिला एकदाही विचारलं नाही की काहून सोडला. मला वाटायचं, खेळाबद्दल घरात बोलणारा एकच माणूस आहे. दुपारी ती दूध पाजायला आली, गुडघे खरचटलेले, तोंड उन्हाने लाल, आणि इतकी खुश होती की मला तिच्याकडे बघवेना. तिने विचारलं, तुमाले कंटाळा नाही आला ना? मी म्हणालो, नाही, निरीक्षण चालू आहे. ती म्हणाली, याडी उद्यापासून येतो म्हणते, तुमाले अडकून ठेवलं असं नको वाटाले. आणि धावत परत गेली.

म्हणजे उद्यापासून टेम्पोतही माझी गरज नाही.

ओम छातीवर झोपला आहे. जड झालाय. एका हाताने मोबाइल काढला. मग काकाला फोन केला आणि विचारलं, ती खुर्ची अजून आहे का? काका म्हणाले, आहे की, कधी येतो? मी म्हणालो, सोमवारी सकाळी हजर होतो.

काका म्हणाले, सोमवारी दुकान बंद असते, मंगळवारी ये.